डाएट प्लॅन चांगलाय, पण गोळ्यांचं कोण विचारणार?

भावाचं बीपी जरा वर राहत होतं म्हणून त्याला एका ऑनलाइन डाएट प्लॅनची मेंबरशिप घेऊन दिली, नाव मुद्दाम देत नाहीये. ॲप मस्त आहे, ताटाचा फोटो टाकला की डाएटिशियनचा त्याच दिवशी रिप्लाय येतो, उगाच उपाशी पण ठेवत नाहीत. पण सुरुवातीला जो लांबलचक फॉर्म भरून घेतात त्यात झोप किती, पाणी किती, ॲलर्जी कसली, सगळं आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत हा साधा कॉलमच नाही!

भाऊ लिथियमवर (मूड स्थिर ठेवायची गोळी) आहे. आणि यांनी आल्या आल्या मीठ जवळजवळ बंद केलं, वर कॉफी पण एकदम बंद. आता किडनीला सोडियम आणि लिथियममध्ये फारसा फरक कळत नाही, मीठ कमी पडलं की ती सोडियम धरून ठेवायला लागते आणि त्याच्यासोबत लिथियमही परत रक्तात ओढून घेते. कॉफीचं उलट, कॅफिनमुळे लिथियम लघवीतून जास्त जातं, त्यामुळे ती अचानक सोडली की लेव्हल अजून चढते. डोस तोच, गोळ्या वेळेवर, तरी ०.७ ची लेव्हल १.२ झाली. सही करताना हात थरथरायला लागला म्हणून टेस्ट केली, नाहीतर कळलंही नसतं (१.५ च्या पुढे तर विषबाधेचीच भीती). सायकियाट्रिस्टनी रिपोर्ट बघून पहिलं हेच विचारलं, खाण्यात काय बदललं?

चॅटवर सांगितल्यावर मात्र डाएटिशियनने लगेच ऐकलं, डॉक्टरांना विचारून मीठ रोज ठराविक ठेवलं, त्याबद्दल फुल मार्क.

पण हेच लोक ज्येष्ठांसाठी 'अल्कलाइन' प्लॅन पण विकतात, त्याची जाहिरात बघून धडकीच भरली. विसरभोळेपणासाठी मेमँटिन घेणारे कितीतरी असतात, आणि अशा खाण्याने लघवीतलं आम्ल कमी होऊन तिचा पीएच ८ च्या आसपास गेला की ते औषध किडनीतून बाहेर पडायचा वेग साधारण ८० टक्क्यांनी घटतो. ॲस्पिरिनचं नेमकं उलट, ते अशा लघवीतून पटापट जातं. म्हणजे एकच प्लॅन, एकाच्या अंगात औषध साठणार आणि दुसऱ्याचं निघून जाणार, आणि यांना पत्ताच नाही कोण काय घेतंय.

५ पैकी अडीच. घेणार असाल तर गोळ्यांची यादी पहिल्याच दिवशी चॅटमध्ये टाका, आणि प्लॅन चालू करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आम्ही रिन्यू करू, पण फॉर्ममध्ये तो एक कॉलम आला तरच.