पोटासाठी पुदिना की आलं?

आधी तक्रार नेमकी कोणती ते ओळखा. मळमळत असेल, प्रवासात किंवा गरोदरपणात उलटीसारखं होत असेल, तर आलं. पोटात मुरडा येत असेल, गॅस धरून पोट फुगत असेल, तर पुदिना. छातीत जळजळत असेल, तर पुदिना टाळाच.

हे शेवटचं अनेकांना पटत नाही, कारण पुदिना थंड मानला जातो. पण तो गारवा पुदिन्यातल्या मेंथॉल या द्रव्यामुळे जाणवतो. मेंथॉल थंडी टिपणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं, त्यानं आम्ल कमी होत नाही. शिवाय ते आतले स्नायू सैल करतं. आतड्यात ते हवंच असतं, म्हणून इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये (पोटात वारंवार मुरडा येऊन शौचाचं तंत्र बिघडतं तो आतड्याचा विकार) पेपरमिंट या भरपूर मेंथॉल असलेल्या पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल देतात, जठरात न विरघळणाऱ्या वेष्टणाच्या. मात्र अन्ननलिकेच्या तळाची झडपही सैल पडली की आम्ल वर चढतं. स्वयंपाकातला पुदिना बऱ्याचदा स्पिअरमिंट या दुसऱ्या जातीचा असतो आणि त्यात मेंथॉल अगदी कमी असतं. त्यामुळे जेवणातल्या पानांकडून कॅप्सूलइतका गुण येईल असं समजू नका.

मळमळीवर आल्याचा पुरावा मला जास्त भक्कम वाटतो. गरोदरपणातल्या मळमळीच्या अभ्यासांत साधारण दिवसाला १ ग्रॅम सुंठपूड विभागून दिली जाते, आणि प्रसूतितज्ज्ञांची अमेरिकी संघटनाही आल्याचा पर्याय सुचवते. तरी गरोदर स्त्रीनं रोज घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगावंच. आलं वाळलं की त्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाच्या काही भागाचं अधिक तिखट शोगाओल होतं, म्हणून ओल्या आल्याच्या मापानं सुंठ घेऊ नये. जास्त झालं तर आल्यानंही जळजळ होते.

जेवणातल्या प्रमाणात दोन्ही बहुतेकांना सोसतात. काळजी घ्यायची ती औषध म्हणून रोज घेताना. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर सुंठेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका. पित्ताशयात खडे असतील तर पेपरमिंट तेल आणि आल्याच्या गोळ्या, दोन्हींबाबत आधी विचारा. तान्ह्या बाळाच्या नाकाशी किंवा चेहऱ्यावर मेंथॉलचं तेल, मलम कधीही लावू नका, त्याचा श्वास अडकू शकतो.

उलटीत रक्त, गिळताना अडथळा किंवा कारण नसताना घटणारं वजन दिसलं, तर यातलं काहीच करून बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.