नोकरी सांभाळून एलएलबी: पहिल्या वर्षात कॉलेजच्या सोयी आणि नियम कसे वाटले

कोणतं लॉ कॉलेज चांगलं असं विचारलं की लोक निकाल सांगतात, मूटचे, म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धांचे, करंडक सांगतात, कोण न्यायमूर्ती तिथे शिकले ते सांगतात. रोज जाऊन बसणाऱ्याला वेगळंच लागतं. लायब्ररी किती वाजता बंद होते, हजेरी कशी मांडतात, बोनाफाईडसाठी किती खेटे पडतात, खिडकीवरचा माणूस वर बघून बोलतो का. हे सगळं त्याबद्दल आहे.

पुणे परिसरातलं खासगी कॉलेज, सीईटी देऊन कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश, तीन वर्षांचा कोर्स. पहिलं वर्ष नुकतंच संपलं. कॉलेजचं नाव देत नाही, कारण अजून दोन वर्षं तिथेच काढायची आहेत. मी एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे, ड्यूटी दुपारपासून रात्रीपर्यंत. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले आणि चेक बाउन्सच्या १३८ च्या फाइली हाताळून हाताळून कायद्याची गोडी लागली. त्यामुळे हा अनुभव सकाळी कॉलेज आणि दुपारी नोकरी करणाऱ्या बाईचा आहे. बारावीनंतर पाच वर्षांच्या कोर्सला आलेल्या मुलांना यातलं काही वेगळं दिसेल.

आधी हजेरी, कारण वर्षभर डोक्यावर टांगलेली तलवार तीच. आमच्या नोटीस बोर्डावर पहिल्या दिवसापासून ठळक अक्षरात ७५ टक्के लिहिलंय. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे कायदा शिक्षणाचे नियम उघडून बाराव्या नियमाशी गेलात तर तिथे प्रत्येक विषयात ७० टक्के आहे. अपवादात्मक कारण असेल तर त्या विषयात ६५ पर्यंत आणि सगळे विषय मिळून ७० असल्यास प्राचार्य परीक्षेला बसू देऊ शकतात. ‘शकतात’ म्हणजे तो त्यांचा अधिकार, आपला हक्क नव्हे. कॉलेजला वरचे पाच टक्के स्वतःहून वाढवता येतात का, यावर आमच्या वर्गात दोन तट आहेत. ऑफिसला विचारलं तर माहितीपुस्तिकेतलं पान दाखवतात आणि प्रवेश घेताना आपणच सही केलेलं हमीपत्र समोर ठेवतात.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. जिन्याजवळ बायोमेट्रिक मशीन आहे. सकाळी आठच्या तासाला तिथे रांग लागते आणि मशीन निम्म्या लोकांची बोटं ओळखत नाही. घरची धुणीभांडी उरकून आलेल्या आम्हा बायकांची तर हमखास नाही. बोट ओल्या रुमालाला पुसायचं, परत ठेवायचं, ‘पुन्हा प्रयत्न करा’. तोवर वर्गात कागदी मस्टर फिरून गेलेलं असतं. म्हणजे हजेरी दोन ठिकाणी, आणि दोन्हींचा मेळ कधीच बसत नाही. सेमिस्टरच्या शेवटी डिफॉल्टर लिस्ट लागते तेव्हा कोणती नोंद धरली हे कोणी सांगत नाही, आणि त्या आठवड्यात ऑफिसात ऐकून घ्यायला कोणाला वेळही नसतो. महिन्याच्या महिन्याला जाऊन आपला प्रिंटआउट मागितला तर मात्र देतात. तशी सोय आहे, फक्त ती कुठे लिहिलेली नाही. मी दर महिन्याला मागते, न जुळणाऱ्या तारखा अर्जावर लिहून आवक शिक्का मारून घेते. त्यामुळे दोन्ही सेमिस्टरला माझं नाव लिस्टमध्ये आलं नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सुशांत रोहिल्ला प्रकरणात, म्हणजे २०१६ साली आत्महत्या केलेल्या लॉच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात, हजेरी कमी म्हणून कोणाला परीक्षेपासून अडवू नका असं म्हटलं आणि बार कौन्सिलला नियमांचा फेरविचार करायला सांगितलं. आमच्या ग्रुपवर त्या रात्री दिवाळी होती. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात शांतपणे सांगितलं, ‘विद्यापीठाचं परिपत्रक येऊ द्या.’ नोटीस तशीच राहिली.

नोकरीचं प्रकरण याला चिकटूनच आहे. तीन वर्षांच्या कोर्सला आठवड्याला तीस तास, त्यात निदान चोवीस लेक्चरं, असा नियम. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने कॉलेजांना सांगितलं की विद्यार्थी नोकरी करतो का, दुसरी नियमित पदवी करतो का, गुन्हा दाखल आहे का, हे लिहून घ्या. नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत पत्र हवं. वर्गातले किती जण ‘नोकरी नाही’ असं लिहून मोकळे झाले ते मी सांगत नाही. मी पत्र दिलं आणि कोणी काही बोललं नाही. ज्यांची नोकरी सकाळी दहाची आहे त्यांनी मात्र नियमित कोर्सला येण्याआधी नीट हिशेब करावा. माझं मत विचाराल तर सक्तीचा राग नाही. आमच्या करार कायद्याच्या मॅडमचा तास कोणीच चुकवत नाही, त्यांना मस्टर फिरवावंही लागत नाही. चिडचिड होते ती गाइड उघडून वाचून दाखवणाऱ्या तासाला बसून टक्के भरायचे म्हणून.

लायब्ररीला मी दहापैकी सात देईन. ते सातही ग्रंथपालांमुळे. बार कौन्सिलच्या नियमांत लायब्ररी रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला मुभा आहे. आमची पाचला बंद होते, म्हणजे नोकरी करणाऱ्याला ती फक्त दोन लेक्चरांच्या मधल्या वेळात. निकालांचे सशुल्क डेटाबेस घेतले आहेत, पण ते कॉलेजच्या वायफायवरच चालतात. घरून वापरायला लॉगिन मिळतं का असं विचारल्यावर आधी ‘नाही’ आणि मग ग्रंथपालांकडून ‘अर्ज द्या, बघू’ असं उत्तर आलं. परीक्षा जवळ आल्यावर मिळालं. वर्गातल्या बहुतेकांना अजून पत्ता नाही.

बुक बँकेचा खरा घोळ नव्या फौजदारी कायद्यांनी केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आले; कपाटं मात्र आयपीसी आणि सीआरपीसीच्या पुस्तकांनी भरलेली. बुक बँकेतून मला मिळालेलं पुस्तक जुनंच होतं. त्यात कोणीतरी पेन्सिलने ३०२ च्या शेजारी १०३ आणि ४२० च्या शेजारी ३१८ लिहून ठेवलंय, त्या अनामिक माणसाचे आभार. जुनी पुस्तकं टाकाऊ नाहीत, कारण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमांखालीच चालू आहेत, आणि निकाल तर बहुतेक जुन्याच आकड्यांत आहेत. पण परीक्षेसाठी नवा बेअर अॅक्ट, म्हणजे नुसत्या कलमांचं पुस्तक, स्वतःच्या पैशाने घ्या. घाई असेल तर इंडिया कोडच्या साइटवर केंद्राचे आणि राज्याचे कायदे फुकट आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्टमधले निकालही डिजिटल एससीआरवर फुकट मिळतात, काहींची मराठी भाषांतरं न्यायालयाच्या साइटवर आहेत. आमच्या विद्यापीठात उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. मी मराठीतच लिहिते. त्यासाठी ही भाषांतरं गाइडपेक्षा कितीतरी उपयोगी, फक्त निकालाचं इंग्रजी शेजारी उघडून ठेवावं, मराठी वाक्यं कधीकधी तोंडाला फेस आणतात.

ऑफिसबद्दल थोडक्यात. पदवीनंतर खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, आणि तेही स्टॅम्पवर. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभरच्या स्टॅम्पची जागा पाचशेने घेतली, त्यामुळे हे अंगावर येतं. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे असं मी खिडकीवर सांगितलं. ‘आम्ही शासकीय कार्यालय नाही,’ असं उत्तर मिळालं. कायदेशीरदृष्ट्या बिनतोड. लॉ कॉलेजच्या कारकुनाशी वाद घालायचा तर तयारीने जावं.

महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण मोठी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली, पण प्रवेश कॅपमधून हवा. माझ्या बेंचवरच्या मुलीने पहिल्या फेरीत घराजवळचं कॉलेज मिळालं नाही म्हणून कॅप सोडून संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला. पात्र असूनही पूर्ण फी भरते आहे. प्रवेशाच्या टेबलावर हे तिला कोणीही सांगितलं नव्हतं. आणखी एक: मूळ गुणपत्रिका कॉलेजने ठेवून घ्यायच्या नाहीत असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलंय. आमच्याकडे ‘पडताळणीसाठी’ ठेवल्या होत्या. लेखी अर्ज दिल्यावर त्याच दिवशी परत मिळाल्या. या कॉलेजात तोंडी विनंती आणि लेखी अर्ज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मूट कोर्टबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खोली देखणी आहे, सागवानी मंच आहे, कुलूप आहे. स्पर्धेचा चमू पाच वर्षांच्या कोर्सवाल्यांतून ठरतो आणि सराव दुपारी असतो. आमच्यासारख्यांसाठी तिसऱ्या वर्षाचे सक्तीचे तीन मूट तेवढे.

फीचे पैसे वसूल झाले ते विधी साहाय्य केंद्रात. प्रत्येक लॉ कॉलेजात असं केंद्र असावं असा नियमच आहे, पण बऱ्याच ठिकाणी ते पाटीपुरतं असतं. आमच्याकडे एक प्राध्यापक मनापासून चालवतात. शनिवारी सकाळी तळमजल्यावर दोन टेबलं, तालुका विधी सेवा समितीचे फॉर्म, आणि भिंतीवर १५१०० हा हेल्पलाइन नंबर. विद्यार्थ्याला वकीलपत्र घेता येत नाही, कोर्टात उभं राहता येत नाही. ऐकायचं, लिहून घ्यायचं, अर्जाचा कच्चा मसुदा करायचा, सर तपासतात.

एकदा भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या. हातात इंग्रजीत छापलेली नोटीस, घडीवर घडी घालून पार मऊ झालेली. पुतण्याच्या कर्जाला जामीनदार राहिल्या होत्या, सहीचा चेक दिला होता, तो परत गेला. कर्ज माझ्या संस्थेचं नव्हतं, ते आधी पाहिलं; असतं तर मला त्या टेबलावरून उठावं लागलं असतं. पण मसुदा ओळखीचा होता, असल्या नोटिसांची पाकिटं मी रोज दुपारी चिकटवते. मावशींना वाटत होतं पोलीस न्यायला येणार. त्यांना सांगितलं की नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे भरायला असतात, त्यानंतरच तक्रार होऊ शकते, आणि तक्रार झाली तरी आधी समन्स येतं. पाकिटावरची तारीख बघितली, सात दिवस उरले होते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. हे मावशींना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वर्गातल्या निम्म्या मुलांनाही नव्हतं. फॉर्म भरला, पॅनेलवरच्या वकिलांनी तडजोडीचं उत्तर पाठवलं, हप्ते ठरले. सोमवारी मी आमच्या साहेबांना विचारलं, आपल्या नोटिसा मराठीत का नाही काढत? ‘वकील देतात तशा जातात,’ म्हणाले. विषय तिथेच आहे.

इंटर्नशिपचा नियम लवकर वाचून ठेवा. तीन वर्षांत मिळून किमान बारा आठवडे, आणि एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त धरत नाहीत. म्हणजे शेवटच्या वर्षी एकदम उरकू म्हणणाऱ्याची पंचाईत. कॉलेजचा प्लेसमेंट सेल मोठ्या फर्मच्या जाहिराती पाठवतो, त्या मुंबईच्या आणि पूर्ण वेळच्या. मला उपयोगी पडली ती कॉलेजच्या लेटरहेडवरची चिठ्ठी. ती घेऊन जिल्हा न्यायालयातल्या एका वकीलबाईंकडे गेले, त्यांनी सुट्टीत चार आठवडे ठेवून घेतलं. काळा कोट, पांढरा शर्ट; बँड आणि गाऊन नाही, तो सनद मिळाल्यावर. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघायचा, पुकारा होईपर्यंत फाइल धरून उभं राहायचं, उलटतपास ऐकायचा, संध्याकाळी डायरी लिहायची. ई-कोर्ट्सचं अॅप मोबाइलवर घेऊन ठेवा, सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. डायरीवर सही त्याच आठवड्यात घ्या. वकील मंडळी महिन्यापूर्वीच्या पानांवर सही करायला कुरकुरतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

तक्रारीची सोय कागदावर चोख आहे. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची नावं दर्शनी भागात लावलेली, रॅगिंगविरोधी हमीपत्र ऑनलाइन भरून घेतलेलं. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. बायोमेट्रिकच्या घोळाबद्दल आम्ही काही जणींनी समितीकडे अर्ज दिला. समितीने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. उत्तर आलं, उशिरा आलं, आणि मशीन बदललं नाही. पण मस्टर आणि मशीन यांत फरक पडला तर मस्टर ग्राह्य धरावं, एवढं प्राचार्यांच्या सहीने लेखी मिळालं. ते पत्र मी लॅमिनेट करून घेतलंय.

दुसऱ्या वर्षाच्या फीची नोटीस लागली आहे. कॉलेज बदलण्याचा विचार केला होता, पण शनिवारचं टेबल आणि ग्रंथपाल दुसरीकडे मिळतीलच असं नाही. फी भरणार आहे. पावतीत ‘लायब्ररी व डिजिटल संसाधने’ असा वेगळा आकडा असतो, तेव्हा या खेपेला घरच्या लॉगिनचा अर्ज पावतीच्या झेरॉक्ससह पहिल्याच आठवड्यात देणार, आणि त्यावरही आवक शिक्का घेणार.