सोन्याची झाली मोहरी, प्रेत मात्र अस्सल

पॅरिसमध्ये सेन नदीच्या कठड्यावर हिरव्या पेट्यांत जुनी पुस्तकं विकतात, तिथे हा अल्बम घेतला. विकणारा 50 युरो म्हणत होता. पुठ्ठ्याचा दबलेला कोपरा दाखवला, तेव्हा 40 ला दिला. प्रकाशकाचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याची जरा काढणार आहे. बावीस वर्षं ऑफसेटवर काढलीत, त्यामुळे पुस्तक हातात आलं की मजकुराआधी छपाई बघतो. खोडच ती.

आत 'ग्रांद झर द रोआँ' या प्रार्थनापोथीतली निवडक पानं आहेत. मूळ पोथी 1430-35 च्या सुमाराची, कातड्यावर लिहून रंगवलेली. ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 'लॅटिन 9471' या क्रमांकावर आहे. चित्रकाराचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पोथी बहुधा आंजूची डचेस योलांद हिच्यासाठी झाली, रोआँ घराण्याची चिन्हं तिच्यावर नंतर चढली, आणि चित्रकाराला ओळखतात 'रोआँ मास्टर' म्हणून. रंगवलं एकानं, करवून घेतलं दुसरीनं, नाव तिसऱ्याचं.

आता छपाई. सोनं साफ फसलंय. मुळात वर्ख आहे, आणि चार रंगांच्या ठिपक्यांतून वर्ख निघत नसतो, फेसलेली मोहरी निघते. समासातल्या वेलींची पानन् पानं तशीच पिवळट. पाचवी प्लेट करून सोनेरी शाई वापरायला हवी होती. तिथे पैसे वाचवलेत. कटिंगही घाईचं. या पोथीची अर्धी गंमत समासात आहे: बायबलमधलं एक छोटं चित्र आणि खाली फ्रेंच ओळी, असं पानोपानी चालू असतं. इथे ती चित्रं कडेला इतकी टेकलीत की दोन ठिकाणी माणसाचा खांदाच ब्लेडखाली गेलाय. असा फॉर्म, म्हणजे छापलेला ताव, माझ्या मालकानं बाइंडरकडे जाऊच दिला नसता.

तरी 40 युरो वाया गेले असं वाटत नाही, आणि त्याचं श्रेय चित्रकाराला. योलांदकडे लिम्बूर्ग बंधूंनी रंगवलेली 'बेल झर' ही दुसरी प्रार्थनापोथी होती, बेरीच्या ड्यूकच्या मृत्यूनंतर तिनं विकत घेतलेली. रोआँ मास्टरनं तिच्यातल्या रचना उचलल्यात. पण त्या भावांचं काम नाजूक, रंग आणि झळाळीवर तोललेलं. या प्रेसवर ते मेलंच असतं. रोआँ मास्टरचं झळाळीवाचून अडत नाही. मागचं-पुढचं, लहान-मोठं याचीही फारशी पर्वा नाही. बरीच छोटी चित्रं त्याच्या हाताखालच्या कारागिरांची आहेत, आणि त्यातले काही चेहरे अगदी ठोकळे. मोठ्या चित्रांत तो स्वतः उतरला की कळतं.

159 वं पान घ्या. मेलेला माणूस उघडानागडा, कापडावर तिरपा पडलाय. भोवती हाडं, कवट्या. भिंग लावून बघितलं: खपाटीला गेलेलं पोट, काडीसारखे पाय, सगळं बारीक रेघांत. वर पांढऱ्या दाढीचा अवाढव्य देव, हातात तलवार. कोपऱ्यात संत मायकेल आणि सैतान यांची आत्म्यासाठी झोंबाझोंबी. प्रेत लॅटिनमध्ये म्हणतं, तुझ्या हाती माझा आत्मा सोपवतो. देव उत्तर देतो ते फ्रेंचमध्ये: पापांचं प्रायश्चित्त कर, न्यायाच्या दिवशी माझ्यासोबत असशील. म्हणजे माणूस मेल्यावरही पोथीतली भाषा बोलतोय, आणि देव घरातली! या पानावर काळ्या शाईची प्लेट मात्र सुरेख बसलीय. कातडीचा तो करडा रंग कुठेच चिखल झालेला नाही.

135 व्या पानावर येशूच्या देहावर कोसळणाऱ्या त्याच्या आईला, मरियेला, शिष्य योहानानं धरलंय, पण मान वळवून तो वर देवाकडे बघतो. ती नजर जाब विचारणारी आहे, असं मला तरी वाटतं.

पोथी ग्रंथालयाच्या 'गॅलिका' संकेतस्थळावर फुकट बघता येते, तेव्हा सोनं बघायचं असेल तर तिकडेच जा. अल्बमला पाचपैकी तीन. 159 वं पान आठवडाभर टेबलावर उघडं होतं. शेवटी बायको म्हणाली, "ते मिटा आता, जेवायला बसायचंय."