पॅसिफिकचा भिंतीवरचा नकाशा (समुद्री हद्दींसकट): ५ पैकी ४ स्टार

तीन महिने झाले हा नकाशा लावून, रोज नजरेसमोर असतो म्हणून आता लिहितोय. ऑस्ट्रेलिया आणि चीन पॅसिफिकमधल्या छोट्या बेट-देशांशी करार करतात, त्याची बातमी आली की मी मोबाईलवर तुवालूसारखा देश शोधायचो, आणि जरा झूम आउट केलं की देश गायब, म्हणून शेवटी हा मागवला.

पॅसिफिक मधोमध छापलाय हे सगळ्यात भारी, एरवी तो दोन कडांना फाटलेला असतो. आणि प्रत्येक देशाची २०० सागरी मैलांची हद्द, म्हणजे ईईझेड (जिथल्या मासेमारीवर आणि खनिजांवर त्या देशाचाच हक्क असतो), फिकट रंगाने भरलीये. खरं सांगतो, हे करार कशासाठी चाललेत ते मला हे रंग बघून कळलं. तुवालूची जमीन जेमतेम २६ चौरस किलोमीटर, नकाशावर टाचणीच्या टोकाएवढी पण नाही, पण भोवतीचा रंग बघा केवढा पसरलाय. किरिबाटीच्या हद्दीचे तीन वेगळे तुकडे आहेत, मिळून ३० लाख चौरस किलोमीटरच्या वर.

मी त्यावर पेन्सिलने करारांची सालं लिहीत गेलो. सॉलोमन बेटं, एप्रिल २०२२, चीनशी सुरक्षा करार. तिथे पट्टी ठेवून क्वीन्सलँडपर्यंत मोजलं तर दोन हजार किलोमीटरसुद्धा भरत नाही, मग ऑस्ट्रेलियाची झोप उडणारच ना. पुढे नोव्हेंबर २०२३, ऑस्ट्रेलियाचा तुवालूशी फालेपिली करार. दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहायला यायची सोय, समुद्र चढला तरी तुवालू देश म्हणून कायम राहील हे मान्य, पण दुसऱ्या कुणाशी सुरक्षेचा करार करायचा तर ऑस्ट्रेलियाची संमती हवी. ही अट मला फार जड वाटते. देश ११ हजारांच्या आसपास माणसांचा, जमीन पाण्याच्या वर दोनेक मीटर, नाही म्हणायची ताकद आणणार कुठून? नाउरू या चिमुकल्या बेट-देशाने जानेवारी २०२४ मध्ये तैवान सोडून चीनशी संबंध जोडले आणि त्याच डिसेंबरात ऑस्ट्रेलियाने त्यांच्याशीही करार केला, त्यात पाच वर्षांत १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बजेटला मदत. वर उत्तरेला पलाऊ, मायक्रोनेशिया आणि मार्शल बेटं बघा, तिघांच्या हद्दी एकमेकींना चिकटून लांबच लांब पट्टा होतो आणि तिथे दुसऱ्या देशाचं सैन्य येऊ न देण्याचा हक्क अमेरिकेकडे आहे. वाचून हे कधी डोक्यात बसलं नव्हतं.

आता तक्रारी. नकाशा गुंडाळून ट्यूबमध्ये पाठवायला हवा होता, आला घडी घालून, आणि एक घडी नेमकी तुवालूच्या राजधानीवरून, फुनाफुटीवरून गेलीये, तिथली शाई उडाली. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. दुसरं म्हणजे मॅथ्यू आणि हंटर बेटांवर फ्रान्स आणि वानुआतू दोघांचा दावा आहे, इथे सरळ फ्रान्सचा रंग दिलाय, साधी तुटक रेषा पण नाही. लहान देशाचा दावा असा रंगाखाली गेलेला बघून वाईट वाटलं, एक स्टार त्याचाच कापलाय. नाउरूचं नाव वाचायला मला भिंग लागतं.

कागद मात्र जाड आहे, चकाकत नाही, पेन्सिल खोडली तरी डाग राहत नाही. घ्या, पण ऑर्डर करतानाच ट्यूबमध्ये पाठवा म्हणून लिहा.