लसणासाठी १९:१९:१९: निम्म्या हंगामापुरते खत

पिशवीवर लसणाच्या गड्ड्याचे ठळक चित्र आणि त्याखाली ‘लागवडीपासून काढणीपर्यंत दर पंधरा दिवसांनी’ अशी शिफारस पाहून १९:१९:१९ हे विद्राव्य खत, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) प्रत्येकी १९ टक्के असलेले, मी एका पूर्ण हंगामासाठी घेतले. खतात खोट काढण्यासारखे फारसे नाही. खोट आहे ती या शिफारशीत. पाण्यात टाकून काठीने ढवळले की ते काही मिनिटांत विरघळते, बादलीच्या तळाशी गाळ राहत नाही आणि पाणी हाताला चक्क गार लागते. युरिया आणि नायट्रेट विरघळताना उष्णता शोषून घेतात म्हणून असे होते, त्यात काळजीचे काही नाही.

लसणाची पाकळी स्वतःची शिदोरी घेऊनच जमिनीत जाते. उगवणीनंतरचे पहिले काही आठवडे रोप बरेचसे तिच्यावरच जगते, आणि त्याची मुळे उथळ, कमी फाट्यांची व मूलरोम (मुळांवरचे बारीक केस) जवळजवळ नसलेली असल्यामुळे या काळात दिलेले नत्र पाण्याबरोबर त्यांच्या आवाक्याबाहेर झिरपून जाण्याचीच शक्यता अधिक असते. चार-पाच पाने झाल्यावर मी एक रोप उपटून पाहिले, तेव्हा लावलेल्या पाकळीच्या जागी सुरकुतलेले तपकिरी साल तेवढे उरले होते. नत्राची खरी भूक येथून सुरू होते, आणि या टप्प्यावर खताने चांगले काम केले. त्यातील १९ टक्के नत्रापैकी ४ टक्के नायट्रेट, ४.५ टक्के अमोनियम आणि १०.५ टक्के युरिया रूपात आहे, त्यामुळे काही भाग लगेच हाती लागतो आणि उरलेला मातीत रूपांतर होत मागून मिळतो. आठवडाभरात पात गडद हिरवी झाली. लसणात प्रत्येक पानाचा तळ पुढे गड्ड्याचे एक आवरण होतो, म्हणून या दिवसांतली पानांची वाढ केवळ दिखाऊ नसते.

गड्डा धरू लागल्यावर मात्र चित्र पालटते. रोप आता पानांतले अन्न खाली पाकळ्यांकडे वळवते आणि मुळांवाटे नत्र घेणे मंदावते. मी एका वाफ्यात पिशवीवरील वेळापत्रक तसेच चालू ठेवले, तर शेजारच्या वाफ्यात हे खत थांबवले. पहिल्या वाफ्यातील कित्येक रोपांच्या मानेतून कोवळे फुटवे बाहेर आले, गड्डे सैल राहिले आणि पात पिवळी पडायलाही उशीर झाला. उशिरा दिलेल्या नत्राचा हा ठरलेला परिणाम आहे. शेजारी गड्डे घट्ट भरले.

दुसरी उणीव गंधकाची. लसणाला वास देणाऱ्या ॲलिसिनच्या प्रत्येक रेणूत गंधकाचे दोन अणू असतात, आणि या पिशवीत गंधकाचा कणही नाही. हंगामाच्या मध्यावर माझ्या रोपांची कोवळी पाने फिकट आणि जुनी हिरवी दिसू लागली; नत्र कमी पडले असते तर जुनी पाने आधी पिवळी झाली असती. म्हणून हे खत थांबवलेल्या वाफ्याला पुढे पोटॅशियम सल्फेट दिले, ज्यात ५० टक्के पालाश आणि सुमारे १७.५ टक्के गंधक सल्फेटच्या रूपात, म्हणजे मुळांना थेट घेता येईल असे मिळते. साधी गंधक भुकटी त्या वेळी उपयोगाची नव्हती, कारण मातीतील जिवाणूंनी तिचे सल्फेट करण्यात आठवडे जातात; ती लागवडीपूर्वीच मिसळायला हवी.

तिन्ही आकडे सारखे म्हणून खत ‘संतुलित’, हा पिशवीवरचा दावाही लसणाला लागू पडत नाही. या पिकाला स्फुरद नत्र व पालाशाच्या मानाने बरेच कमी लागते, शिवाय छापलेले १९ टक्के स्फुरद ऑक्साइडच्या हिशेबाने असल्याने त्यात प्रत्यक्ष फॉस्फरस ८.३ टक्केच भरतो.

पिशवीची झिप दुसऱ्या वापरातच निकामी झाली आणि उरलेल्या खताचे दमट हवेत खडे झाले; ते फोडून विरघळवता येतात, पण मोजून घेणे कठीण जाते. पुढच्या हंगामात हे खत पुन्हा घेईन, मात्र पाचव्या पानापासून गड्डा धरेपर्यंतच आणि लहान पिशवीत.