एमजीबीला जुने एसयू की एक वेबर?
लेस्टरच्या भाच्यानं १९७१ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली. लगेच फोन: मामा, झिजलेले दोन एसयू कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल नि हवा मिसळणारे भाग) दुरुस्त करू की काढून एकच वेबर ४५ कार्बोरेटर बसवू?

लेस्टर म्हणाला: खर्चात एसयू स्वस्त. झिजतो बहुधा थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, दांडा. तिथून हवा शिरते आणि आयडलिंगला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) गाडी थरथरते. दांडा नि तो ज्यात फिरतो ते बुश बदलले की भागतं. पेट्रोल-हवेचं मिश्रण कार्बोरेटरच्या खालच्या नटानं जुळतं. दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा घेतील असा मेळ रबरी नळी कानाला लावून, फुसफुस ऐकून घालायचा. हे मधूनमधून करावंच लागतं. डॅशपॉटमधलं (कार्बोरेटरच्या माथ्यावरच्या नळकांड्यातलं) तेलही विसरू नकोस.

वेबरला मेळाची कटकट नाही, पण मॅनिफोल्ड (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारा नळ) वेगळा लागतो, आणि वेगातलं मिश्रण बदलायचं तर जेटच (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी) बदला. मूळ इंजिनावर फरक थोडाच.

रविवारच्या फेरफटक्याला एसयू. कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदलून ट्रॅकवर जाणार असशील, तर वेबर.