डिकीत पूर्ण मापाची स्टेपनी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी पाच आसनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही. चारही चाकं २१५/६० आर १६ (रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंची), पाच नटांची. सोबत आलेली स्टेपनी टी १४५/९० आर १६, म्हणजे ताशी ८० किमीचा स्टिकर लावलेली अरुंद, तात्पुरती. ती काढून मार्चमध्ये २१५/६० आर १६ चंच पाचवं चाक बसवलं. तेव्हापासून साडेअकरा हजार किलोमीटर झाले, एक कडक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा गेला. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमध्ये चाकाचं माप आणि डिकीतला खड्डा वेगळा असू शकतो, त्यामुळे नाव वाचून कुणी सामान घेऊन टाकू नये. खालची मापं या एका गाडीची आहेत. मोजायची पद्धत सगळीकडे चालेल.

आधी एक गैरसमज. तात्पुरतं चाक 'छोटं' असतं म्हणून वाईट, असं सरसकट म्हणतात. हिशेब करून बघा. २१५ चे ६० टक्के म्हणजे १२९ मिमी. त्याची दुप्पट २५८, अधिक रिमचे ४०६.४, एकूण व्यास ६६४ मिमी. टी १४५/९० आर १६ चा व्यास याच रीतीने ६६७ येतो. म्हणजे इथे व्यासात काहीच अडचण नाही. अडचण रुंदीची आहे. २१५ च्या जागी १४५ रुंदीचा टायर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर तेवढी पकड देत नाही, म्हणूनच त्यावर ताशी ८० किमीची मर्यादा असते. शिवाय त्यात ६० पीएसआय हवा लागते. पंपावरचा मुलगा इतर चाकांसारखीच ३३ भरतो आणि आपणही काही बोलत नाही. तेवढ्या हवेवर पाच माणसं आणि सामान घेऊन ते चाक फिरवणं धोक्याचं आहे.

काही गाड्यांत मात्र खरोखर कमी व्यासाची स्टेपनी मिळते. समजा चाकं २१५/६० आर १६ आणि स्टेपनी १९५/६५ आर १५ असेल, तर ६६४ विरुद्ध ६३४, म्हणजे साडेचार टक्के फरक. अशी स्टेपनी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढे लावू नये. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेचे) आतले गिअर सतत फिरत राहतात आणि तापतात. पुढचं चाक गेलं तर मागचं चांगलं चाक पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे लावायची. वेळ दुप्पट लागतो, पण तेच बरोबर. उलट १९५/५५ आर १६ च्या गाडीत १८५/६५ आर १५ ची स्टेपनी असेल तर व्यास जवळजवळ सारखाच (६२१ आणि ६२१.५), रुंदीतही फारसा फरक नाही. अशा गाडीवाल्यांनी या खटाटोपात पडू नये.

हा बदल लांबच्या प्रवासाला, तोही भरल्या गाडीने जाणाऱ्यांसाठी आहे. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. तिथे ८० ने चालत पुढच्या इंटरचेंजपर्यंत जायचं आणि मागून येणाऱ्या ट्रकवर लक्ष ठेवायचं, हे नको वाटतं. कोकणात गणपतीला जाताना खड्ड्याच्या धारेवर टायरची बाजूची भिंत चिरली तर पंक्चरची स्ट्रिप चालत नाही, मशरूम प्लग चालत नाही, पंक्चर किटमधलं औषधही चालत नाही. ते औषध ट्रेडमधल्या (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या) साधारण ६ मिमीपर्यंतच्या भोकासाठी असतं. आणि हव्या त्या मापाचा टायर सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या गावी मिळेल याची खात्री नसते. तिथे पूर्ण मापाची स्टेपनी लावून घरी परतता येतं. शहराबाहेर क्वचित जाणाऱ्यांनी आहे तेच चाक नीट हवा भरून ठेवावं. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं तर साडेतीन टनांपर्यंतची प्रवासी गाडी स्टेपनीशिवायही विकता येते, त्यामुळे किटवर येणाऱ्या गाड्या वाढल्या आहेत. त्यांच्या डिकीत बहुतेक वेळा खड्डाच उथळ असतो, तिथे हे काम आणखी अवघड.

मोजमाप टायर आणायच्या आधी करायचं. खड्ड्याचे तीन आकडे हवेत: वरचा व्यास, तळाचा व्यास (खड्डा खाली निमुळता असतो) आणि तळापासून डिकीच्या फळीच्या खालच्या बाजूपर्यंतची खोली. या गाडीत ते ७०५, ६७२ आणि १६० मिमी भरले. पुठ्ठ्याची ६६५ मिमीची चकती कापून तळापर्यंत जाते का ते बघितलं. पट्टीने न दिसणारी पत्र्याची बरगडी चकतीला लगेच अडते. टायरची रुंदी मात्र साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) वाचून धरू नका. रिमवर चढवून हवा भरलेला हा २१५ चा टायर प्रत्यक्षात २२२ मिमी जाड भरला. २२२ वजा १६० म्हणजे ६२ मिमी चाक फळीच्या वर येणार. फळी टायरवर टेकू नये म्हणून थोडी फट सोडून एकूण ७० मिमी उचलावी लागली.

सत्तर मिमी ऐकायला किरकोळ वाटतं. फळी ९८ बाय ८२ सेंमीची आहे, म्हणजे सुमारे ५६ लिटर जागा गेली. केबिन बॅगा आडव्या राहतात. मोठी सूटकेस उभी ठेवली की पार्सल ट्रे बसत नाही. डिकीचा तळ आता तोंडाच्या काठाला समतल झाला, त्यामुळे जड पोतं सरकवून आत ढकलता येतं, पण दार उघडताच वरची पिशवी बाहेर घरंगळते. काठाला दोन सेंमीची लाकडी पट्टी लावल्यावर ते थांबलं.

रिम स्टीलचं घेतलं, त्याच गाडीच्या खालच्या व्हेरियंटचं. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक, ऑफसेट (हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती मिमी सरकलेला आहे ते) आणि रिमची रुंदी हे चारही जुळायला हवं. 'बसतंय ना' एवढ्यावर समाधान मानू नये. ते पुढच्या आणि मागच्या दोन्ही हबवर (चाक जिथे बसतं त्या भागावर) लावून, हाताने पूर्ण फिरवून, ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना ते दुकानातच बघा. नटचं पाहणं तर टाळूच नका. अलॉयचे नट आणि स्टीलचे नट दिसायला सारखे असतात, पण बसण्याचा भाग कुठे ६० अंशांचा शंकू, कुठे गोलाकार. चुकीचा नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पन्नास किलोमीटरवर सैल होतो. एम १२ × १.५ च्या (व्यास १२ मिमी, दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) नटला किमान आठ पूर्ण आटे धरले पाहिजेत (१२ मिमी), हे मोजूनच खात्री होते. या रिमला वेगळे नट लागले. ते पाच नट कापडी पिशवीत घालून जॅकलाच बांधले आहेत, दुसरीकडे कुठे ठेवले तर ऐनवेळी सापडणार नाहीत.

टायर त्याच मापाचा, लोड इंडेक्स ९५, म्हणजे एका टायरवर ६९० किलोपर्यंत. चारही टायर बदलायची वेळ जवळ असेल तर नवा घेऊ नका. उतरवलेल्या चारांतला सर्वांत चांगला स्टेपनीला चढवा. फक्त तारीख वाचा: शेवटचे चार आकडे २३२१ असतील तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर ट्रेड शाबूत दिसला तरी वापरू नये. आणि बॅलन्सिंग! 'स्टेपनीला कशाला' म्हणून टायरवाला ते टाळतो. ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरणार असेल तर पूर्ण मापाचं चाक घेऊन उपयोग काय?

आता मुख्य मुद्दा: चाक कोणत्या बाजूने ठेवायचं आणि कशाने धरायचं.

साडेसहा इंची, ४५ ऑफसेटच्या रिममध्ये हबला टेकणारा भाग बाहेरच्या बाजूकडे सरकलेला असतो. चाक 'तोंड वर' (लावल्यावर बाहेर दिसणारी बाजू वर) ठेवलं तर तो भाग खड्ड्याच्या तळापासून साधारण १५५ मिमीवर येतो. बोल्ट लांब, त्यामुळे डुगडुगता, आणि जॅक ठेवायला वर जागाच उरत नाही. 'पाठ वर' ठेवलं तर तोच भाग ६६ मिमीवर येतो. बोल्ट आखूड आणि ताठ राहतो, आणि रिमच्या पोकळीत जॅक, पाना, टो-हुक असं सगळं मावतं. म्हणून पाठ वरच ठेवावं. अलॉय असेल तर तोंडाला चरे पडू नयेत म्हणून तळाशी ५ मिमीचा ईव्हीए फोम घाला, पण तळातली रबरी बुचं झाकू नका.

मूळ प्लॅस्टिकचा बोल्ट ३० मिमी आखूड पडला. त्याऐवजी एम ८ चा स्टेनलेस आट्यांचा रॉड, ८० मिमी रुंद ५ मिमी जाड लोखंडी पट्टी, तिच्याखाली रबर आणि वर विंग नट. आधी जुना बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात नेऊन आटे जुळवा. खड्ड्यातला नट पत्र्याला वेल्ड केलेला असतो, तो बिघडला तर काम वाढतं. रबरी दोरी किंवा बेल्टवर भागवलेलं दिसतं, ते अजिबात करू नये. चाक १९.६ किलोचं आहे. टकरीत वीस जी चा (वजनाच्या वीसपट) झटका बसला तर तेच चाक चारशे किलोच्या जोराने मागच्या सीटकडे येतं, आणि त्या सीटवर मुलं बसलेली असतात.

फळीखालचा सांगाडा ९ मिमी प्लायच्या उभ्या बरगड्यांचा, मधली जागा एक्सपीएस फोमने (हलक्या, कडक थर्माकोलसारख्या पदार्थाने) भरलेली. १२ मिमीची सलग फळी घेतली तर वजन उगाच वाढतं. बरगड्यांचा भार खड्ड्याभोवतीच्या पत्र्यावर आला पाहिजे, टायरवर नाही. टायरवर टेकलेली फळी रस्त्यावरच्या खड्ड्यात उसळते आणि सामानासकट आवाज करते.

खर्च: रिम ३,१००, टायर ७,६००, नट ४५०, वॉल्व्ह आणि बॅलन्सिंग २५०, रॉड-पट्टी २८०, सुतार, प्लाय, फोम आणि कार्पेट मिळून २,४००. एकूण १४,०८०. गाडीचं वजन सांगाड्यासह सुमारे १२ किलो वाढलं. मायलेजमध्ये फरक दिसला नाही.

आठ महिन्यांत काय बिघडलं? पहिल्या तीन आठवड्यांत खडखड सुरू झाली. जॅकचा स्क्रू पूर्ण मिटलेला होता आणि तो रिमला आपटत होता. त्याला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. मग विंग नट स्वतःहून पाऊण आटा सैल झाला. खाली स्प्रिंग वॉशर घातल्यावर पुन्हा झाला नाही. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत नव्या रबराचा वास महिनाभर येत होता, मग गेला. जुलैमध्ये खड्ड्यात पाऊण लिटरभर पाणी साचलेलं सापडलं. टेल लॅम्पच्या गॅस्केटमधून झिरपत होतं. अरुंद स्टेपनीच्या बाजूने तळ दिसतो, रुंद टायर तो पूर्ण झाकतो, म्हणून उशिरा कळलं. स्टीलच्या रिमवर वेल्डजवळ गंज धरला होता; घासून झिंक प्रायमर मारला. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चाक उचलून खाली हात फिरवणं भाग आहे.

तसंही ते उचलावंच लागतं, कारण पाठ वर ठेवण्याची एक किंमत आहे: वॉल्व्ह खाली जातो. हवा तपासायला पूर्ण चाक काढा. लांब नळीचा वॉल्व्ह जोडून नळी वर आणता येते, पण त्या सांध्यातून हळूहळू हवा जाते, म्हणून ती काढून टाकली. सध्या ४० पीएसआय भरतो (साइडवॉलवरची कमाल ५१) आणि दर दोन महिन्यांनी बघतो. उन्हाळ्याचे दोन महिने वगळता दर महिन्याला एक-दीड पीएसआय उतरतं. चाक लावल्यावर ३३ वर आणायचं. दाबमापक हातमोज्यांसोबत ठेवलेला आहे.

स्टेपनीत सेन्सर नाही. ती लावून चालवली की दाबाचा दिवा मिनिट-दीड मिनिट उघडझाप करतो आणि मग स्थिर पेटून राहतो. हा बिघाड नव्हे, चौथा सेन्सर सापडत नाही एवढंच.

दोन गोष्टी पहिल्यांदा चाक बदलण्याआधी घरीच करून बघा. बसलेलं चाक काढायला गाडी जेवढी उचलावी लागते, त्यापेक्षा फुगलेलं चाक चढवायला दोन-तीन सेंमी जास्त लागते. मऊ जमिनीत जॅक तेवढा पुरत नाही, म्हणून २० मिमी जाडीची एक वीतभर फळी जॅकखाली घालायला ठेवलीय. आणि वीस किलोचं चाक वाकून खोल डिकीतून काढणं कमरेला सोपं नाही. आधी उभं करायचं, मग काठावर टेकवून बाहेर घरंगळवायचं. हबवर चढवताना जमिनीवर बसून चाकाखाली पाना आडवा सरकवला की चाक तरफेने वर उचलता येतं. नट आधी हाताने सगळे, मग तिरपे-समोरासमोरचे थोडे थोडे, शेवटचा ताण पुस्तिकेतल्या आकड्याने, आणि पन्नास ते शंभर किलोमीटरवर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा.

जुनं अरुंद चाक विकलेलं नाही. गाडी विकताना ते मागतात, आणि घराला रंग द्यायचा किंवा फ्रिज आणायचा असला की सांगाडा काढून तेच आठवडाभर पुन्हा बसवता येतं. मूळ प्लॅस्टिकचा बोल्ट त्याच्याच भोकात टेपने चिकटवून ठेवलाय, आणि हवा ६० आहे का ते मोठ्या चाकासोबतच बघतो.